शेवंतीचं वेळापत्रक

कुत्र्यांवर लिहिणारे लोक शेपटीवर लिहितात, डोळ्यांवर लिहितात, निष्ठेवर तर पानंच्या पानं लिहितात. मुतावर कोणी लिहीत नाही. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण समजा, त्या कुत्र्याने पोळी तिथेच बसून खाल्ली असती आणि मग उंबऱ्याशी पाय वर केला असता, तर? वाटी खाली ठेवून आधी फडकं शोधावं लागलं असतं.

गंमत सोडा. दत्तक घेतलेली कुत्री परत पाठवली जातात, त्यामागे 'घरात शू करतं' हे एक नेहमीचं कारण असतं. आणि ही तक्रार इतकी घरगुती आणि इतकी ओशाळवाणी असते की माणसं तिच्याबद्दल मोकळेपणी बोलतही नाहीत. म्हणून म्हटलं, आपण लिहू. नाक मुरडणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही :)

तर शेवंती. पुण्यातल्या एका आश्रयगृहातून आम्ही तिला जून २०२४ मध्ये घरी आणलं. वय अंदाजे तीन वर्षं, रंग फोडणीच्या भातासारखा, आणि डाव्या कानाच्या टोकाला छोटासा काप. हा काप म्हणजे नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची खूण. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांपासून भटक्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया करून त्यांना त्यांच्या जागी परत सोडायची पद्धत आली. २०२३ मध्ये त्या नियमांच्या जागी नवे नियम आले, पण कानाची खूण तशीच राहिली. शेवंतीचा मागचा पाय मोडला होता, म्हणून तिला परत रस्त्यावर सोडलं नव्हतं. दीड वर्ष ती तिथेच होती.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, आठवीतली लेक आणि आई. माझी आई, सासूबाई नव्हे. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याचा संबंध आहे. त्याच वर्षी जानेवारीत आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. एकटीने राहणं शक्य नव्हतं म्हणून ती आमच्याकडे आली. शहात्तर वर्षांची बाई, आयुष्यभर स्वतःच्या घरात स्वतःच्या हुकमाने राहिलेली. 'लेकीच्या घरी कायमचं राहणं' हे तिच्या पिढीला किती जड जातं, हे मी वेगळं सांगायला नको. आल्यापासून ती स्वयंपाकघरातला डबा घेतानासुद्धा "घेऊ का गं?" असं विचारायची. मला ते ऐकून कसंतरीच व्हायचं.

शेवंती आल्यावर आईने तिला एकदा नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "बाई गं, हिचाही पाय मोडलेलाच का?" झालं. दोघींची मैत्री तिथेच जमली.

आणि मग शू सुरू झाली.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये दोनदा. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलाखाली आणि लेकीच्या खोलीत. नवं घर, नवा वास, होणारच, असं म्हणून आम्ही पुसत राहिलो. आठवडा झाला तरी चालूच. गंमत म्हणजे तिला खाली बागेत नेलं की ती पाऊण तास हिरवळीवर उभी राहायची, सगळं जग हुंगायची, आणि काही म्हणजे काही करायची नाही. मग लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर यायचं, दार उघडायचं, ही चार पावलं आत, आणि... हो. चकचकीत टाईल्सवर छान तळं.

आता हे नुसतं किळसवाणं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण आमच्याकडे व्हिट्रिफाइड टाईल्स आणि वॉकर घेऊन चालणारी आई. ओल्या टाईलवर वॉकरची रबरी टोपणंसुद्धा सरकतात. आई पुन्हा पडली असती तर काय झालं असतं, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. त्यामुळे एका रात्री मी आणि नवरा गॅलरीत बसून बोललो आणि ठरवलं, आठ आठवडे. आठ आठवड्यांत आटोक्यात आलं तर ठीक, नाहीतर शेवंतीसाठी दुसरं घर शोधायचं. परत त्या पिंजऱ्यात नाही, पण दुसरं घर. असं ठरवून झोपणं सोपं नव्हतं. ती आमच्या पायाशीच घोरत होती.

सगळ्यात आधी व्हेटकडे गेलो. व्हेट बाईंनी उपाय सांगायच्या आधी प्रश्नांची सरबत्तीच केली. शू करताना ती जागी असते की झोपेत? तळं असतं की थेंब थेंब? दिवसातून किती वेळा? जोर करावा लागतो का? पाणी जास्त पिते का? या प्रत्येक प्रश्नामागे एकेक आजार उभा असतो. थोडी थोडी, सारखी आणि जोर करून होत असेल तर मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग किंवा खडा. पाणी खूप आणि शूही खूप असेल तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार. आणि झोपेत नकळत गळत असेल, अंथरूण ओलं होत असेल, तर नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये दिसणारा एक त्रास. अंडाशय काढल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, त्यामुळे मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू काहींच्या बाबतीत सैल पडतो. त्यावर औषध आहे आणि ते बहुतेकींना लागूही पडतं. मुद्दा असा की यातल्या कशावरही शिस्त लावून काही उपयोग नाही. आजारी मूत्राशयाला शिकवणी लावता येत नाही.

तपासायला लघवी आणा म्हणाल्या. आता कुत्रीची लघवी धरायची कशी? ती बसते जमिनीला टेकून. शेवटी आईनेच तोडगा काढला. "वरणाचा जुना डाव ने, लांब दांड्याचा." मी पहाटे पार्किंगमध्ये डाव घेऊन शेवंतीच्या मागे ओणवी, आणि समोरून दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा फिरायला निघालेले. त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. त्या दिवशी खाली काही झालंच नाही, शेवटी घरातच जमलं. (डाव तेव्हापासून निवृत्त आहे. जेवायला येणाऱ्यांनी निश्चिंत असावं.)

रिपोर्ट स्वच्छ आला. म्हणजे आजार नाही. मग व्हेट बाईंनी एक साधा प्रश्न विचारला. "ती आधी कसल्या फरशीवर राहात होती?"

शहाबादी. पिंजऱ्यात शहाबादी फरशी, रोज सकाळी पाइपने धुतलेली. दीड वर्ष तिने त्याच फरशीवर शू केली होती, कारण दुसरी जागाच नव्हती. कुत्र्यांना जागेची जशी सवय लागते, तशी पायाखालच्या पृष्ठभागाचीही लागते. मातीवर वाढलेलं पिल्लू माती शोधतं, गवतावरचं गवत शोधतं, आणि पिंजऱ्यातलं कठीण, गुळगुळीत फरशी शोधतं. म्हणजे आमची शेवंती बेशिस्त नव्हतीच. उलट भलतीच शिस्तीची होती. हिरवळीवर शू करायची नाही, फरशीवरच करायची, हा नियम ती काटेकोरपणे पाळत होती!

मग आम्हाला अजून एक गोष्ट उलगडली. घरकामाच्या मावशी फरशी पुसून गेल्या की दहा मिनिटांत शू ठरलेली. मावशींना वाटायचं, ही मुद्दाम करते. पण धुतलेली ओली फरशी म्हणजे सकाळ झाली, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असणार. तेव्हापासून मावशी फडकं पिळायला लागल्या की आम्ही पट्टा घेऊन खाली. आणि एक नियम केला, की शू घरच्यांनीच पुसायची, मावशींनी नाही. कुत्रं आम्ही आणलंय, त्यांनी नाही.

'घर' ही गोष्ट आपल्याला इतकी उघड वाटते, की ती कोणाला शिकवावी लागेल हे डोक्यातच येत नाही. पण जिने कधी घर पाहिलंच नाही, तिला घर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे कसं कळणार? दार म्हणजे काय, दाराबाहेर काय चालतं, दाराआत काय चालत नाही... आपण हे सगळं दोन-तीन वर्षं लंगोट ओले करत शिकलेलो असतो आणि मग विसरून गेलेलो असतो.

उपाय त्यावरूनच निघाला. सोसायटीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी, कोब्याचा एक पट्टा आहे. तिथे कोणी जात नाही. घरात पुसलेलं फडकं आम्ही तिथे नेऊन थोडं चोळलं, म्हणजे वास तिथे लागला. मग दर दोन तासांनी शेवंतीला तिथे न्यायचं आणि झाडासारखं उभं राहायचं. खेळ नाही, गप्पा नाही. चौथ्या दिवशी, भर पावसात, तिने तिथे शू केली. नवऱ्याने तिथल्या तिथे तिला उकडलेल्या चिकनचा तुकडा दिला. तिथल्या तिथे, हे महत्त्वाचं. वर घरी येऊन दिलेला तुकडा हा तिच्या दृष्टीने लिफ्टमधून उतरल्याबद्दलचा तुकडा असतो. हळूहळू कोब्यावरून कडेच्या मातीवर सरकलो. बरोबर पाण्याची बाटली न्यायचो आणि नंतर पाणी ओतायचो, त्यामुळे सोसायटीत कुरबूर झाली नाही.

घरात असताना लक्ष ठेवायला माणूस नसेल तर तिला मोकळं सोडायचं नाही, हा दुसरा भाग. लेक अभ्यासाला बसली की शेवंतीचा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधून घ्यायची. ती उठून हुंगायला लागली, गोल फिरायला लागली, की ताबडतोब खाली. आणि तिसरा भाग साफसफाईचा. फिनाईलने आपलं समाधान होतं, कुत्र्याचं नाही. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, तो टाईल्सच्या सांध्यांत मुरतो, आणि कुत्र्याचं नाक फिनाईलच्या खालून तो बरोब्बर शोधून काढतं. वास आला की जागा ठरली. म्हणून ते घटक मोडून टाकणारं एन्झाइमवालं क्लीनर वापरायचं. ब्लीच मात्र ओल्या लघवीवर ओतू नका. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू तयार होतो, आणि आपल्या बंद बाथरूममध्ये तो चांगलाच त्रास देऊ शकतो.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत दिवसाची तळी बरीच कमी झाली. एक प्रकार मात्र राहिला. नवरा संध्याकाळी घरी आला, प्रेमाने वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, की ती कान मागे, शेपूट पोटाखाली, जमिनीला चिकटून... आणि थोडीशी शू. नवरा सहा फूट. बिचारा फार खजील व्हायचा. व्हेट बाई म्हणाल्या, ही शू वेगळी. ही शरणागतीची आहे. 'मी छोटी आहे, मला मारू नका', एवढंच ती सांगतेय आणि ते तिच्या हातात नाही. इथे रागावलं तर ती अजून घाबरते, आणि घाबरली की अजून होते. मग नवरा आल्या आल्या तिच्याकडे न बघता, तिला पाठमोरा, जमिनीवर मांडी घालून बसायला लागला. ऑफिसची बॅग मांडीवर, पंगतीला बसल्यासारखा. पाच-सात मिनिटांनी ही मागून येऊन त्याच्या कोपराला नाक लावायची. साधारण पंधरा दिवसांत ती शू थांबली. नवरा अजूनही आला की जमिनीवरच बसतो. त्याला आता तेच आवडतं.

याच सुमारास आमचे एक नातेवाईक दोन दिवस राहायला आले. नातं सांगत नाही, ते हे वाचतात :) माणूस प्रेमळ, पण मतं ठाम. त्यांच्यासमोर शेवंतीने नेमकी हॉलमध्ये शू केली. लगेच ते म्हणाले, "नाक घासायचं त्यात. एकदा घासलं की पुन्हा नाव काढत नाहीत." मी म्हटलं, त्याने काही होत नाही, ती फक्त आपल्यालाच घाबरायला लागेल आणि मग लपून कपाटामागे करेल. ते म्हणाले, "अगं, तिला सगळं कळतं. बघ ना, कशी चोरासारखी बघतेय."

या चोरासारख्या बघण्यावर खरोखर एक प्रयोग झालेला आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. खाऊ खायचा नाही असं कुत्र्याला सांगून मालकाने खोलीबाहेर जायचं. मग कधी कुत्र्याला खाऊ खायला मिळायचा, कधी नाही, आणि परत आलेल्या मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. निष्कर्ष असा निघाला की तो अपराधी चेहरा कुत्र्याने काय केलं यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. काहीच न केलेली कुत्रीसुद्धा रागावल्यावर तस्संच बघत होती. म्हणजे आपण ज्याला कबुली समजतो, ती भीती असते.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांना काही पटलं नाही. चहाचा कप ठेवत ते म्हणाले, "ते असू दे. पण त्रास काढायचा कशाला? नाही जमत तर देऊन टाका परत. शेवटी घरात कोणाकोणाचं किती काढायचं, याला काही मर्यादा आहे की नाही?"

ते शेवंतीबद्दलच बोलत होते, याबद्दल मला जराही शंका नाही. पण आई शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

आई काही बोलली नाही. रात्री जेवली थोडंसं, आणि गोळ्या घेताना घोटभरच पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पाहुणे गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या पायाला तेल लावत होते. शेवंती पलंगाखाली झोपली होती. आई हळूच म्हणाली,

"अगं, हिला कोणी ओरडत नाही ना, मी झोपलेली असताना?"

"नाही गं. कोण ओरडणार?"

"नको ओरडूस. तिला आवरत नसेल. आता मला नाही का, उठून वॉकर धरेपर्यंत..."

आणि ती थांबली.

ऑपरेशनपासून तिला हा त्रास होता. सहा महिने. पलंगावरून उठायचं, वॉकर पकडायचा, बाथरूमपर्यंत बारा पावलं चालायची, आणि सहाव्या-सातव्या पावलाला कपडा ओला. तिने कोणाला कळू दिलं नव्हतं. पहाटे उठून स्वतःचे कपडे स्वतः बाथरूममध्ये धुवायची आणि "मला सवय आहे लवकर उठायची" असं सांगायची. पाणी तोडलं होतं. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला. आणि कारण विचारलं तर म्हणाली, "लेकीच्या घरी येऊन हे आणि कुठे सांगू?"

मी तेल लावत राहिले. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. पलंगाखालून शेवंतीचं घोरणं ऐकू येत होतं, तेवढाच आवाज.

पुढचं मात्र सरळ होतं. आईला तिच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथेही तेच प्रश्न! झोपेत होतं की जागेपणी? किती वेळा? जळजळ? पाणी किती? मला हसूच आलं, आणि आईलाही. तपासणीत काळजीचं काही निघालं नाही. डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली, पाणी तोडल्याबद्दल तिला दटावलं. पाणी कमी प्यायल्याने लघवी कमी होते हे खरं, पण ती दाट होते, मूत्राशयाला टोचते, आणि घाई उलट वाढते. शिवाय जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता वेगळीच. मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम शिकवला. आर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये तो मांडला, त्याच्याच नावाने ओळखला जातो. बसल्या जागी करायचा, कोणाला दिसतही नाही. आणि दुसरं म्हणजे वेळापत्रक. लागेपर्यंत थांबायचं नाही. ठरलेल्या वेळी, दर दोन तासांनी जायचं, आणि जमेल तसं ते अंतर हळूहळू वाढवायचं.

दर दोन तासांनी. आमच्या फ्रीजवर चुंबकाने लावलेला एक कागद आधीच होता. ६, ८, १०, १२... शेवंतीचा. आईने घरी येऊन तो कागद बराच वेळ वाचला आणि लेकीला म्हणाली, "बाळा, याच्यात माझा एक रकाना आख."

तेव्हापासून आमच्या घरात दर दोन तासांनी आईच्या मोबाईलचा गजर वाजतो. ती वॉकर धरून उठते, "शेवू, चल गं" म्हणते. शेवंती दाराशी जाऊन उभी राहते, आई बाथरूमकडे वळते, आणि घरात जो कोणी असेल तो पट्टा घेऊन खाली. आईकडे हे खातं गेल्यापासून एकही फेरी चुकली नाही. सदतीस वर्षं शाळेत घंटा सांभाळलेली बाई आहे ती. कागदावर बरोबरच्या खुणा, चुकल्यावर शून्य. दोघींच्या रकान्यांत. रात्रीसाठी आईच्या पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणली. आधी ती नको म्हणत होती. मग म्हणाली, "आण. शेवूलापण गॅलरी उघडी ठेवतोच की आपण रात्रीची."

आठ आठवडे संपले तेव्हा श्रावण चालू होता. आम्ही ठरवल्याप्रमाणे कागद काढून बसलो. शेवटच्या दहा दिवसांत शेवंतीचं एक शून्य. नवऱ्याने तो कागद घडी करून कपाटात ठेवला आणि दुसरं घर शोधायचा विषय पुन्हा निघाला नाही. आईचे रकाने मी मोजले नाहीत. ते तिचे आहेत.

सगळं संपलं असं समजू नका. २०२४ च्या दिवाळीत फटाक्यांनी शेवंतीने तीन दिवस घरभर तळी केली. भीतीने पुन्हा सुरू होतं, हे माहीत असलेलं बरं. पुन्हा पट्टा, पुन्हा दोन तास, पंधरा दिवसांत गाडी रुळावर. जोराचा पाऊस असला की ती अजून लिफ्टच्या दाराशी बसकण मारते, आणि मग छत्री घेऊन तिची मनधरणी करावी लागते. आईचंही पूर्ण बरं झालेलं नाही, सर्दी-खोकला झाला की बिघडतं. पण ती आता दिवसाला पाच-सहा पेले पाणी पिते, आणि डबा घेताना विचारत नाही.

तुमच्या घरी नव्याने कुत्रं आलं असेल आणि सकाळी उठल्या उठल्या पाय ओल्यात पडत असेल, तर आधी तपासणी करा, मग ते आधी कुठल्या जमिनीवर राहिलंय ते विचारा, मग वेळापत्रक लावा. रागावू नका, वेळ फुकट जातो. आणि घरात कोणी म्हातारं माणूस पाणी कमी पीत असेल, पहाटे उठून स्वतःचे कपडे स्वतः धूत असेल, तर एकदा शेजारी बसून विचारा. समोर बसून नको, शेजारी. शेवंतीच्या बाबतीत तेच चाललं.

हे सगळं लिहिण्याआधी आईची परवानगी घेतली आणि लिहून झाल्यावर तिला वाचूनही दाखवलं. तिने दोन वाक्यं काढायला लावली. मग म्हणाली, "नातेवाईक वाचतील ना? वाचू देत. कोणाच्या तरी आईच्या उपयोगी पडेल."

काल तिने वाणसामानाच्या यादीखाली स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, 'शेवूचं फरशीचं औषध १ बाटली, माझे पॅड १ पाकीट, मोठं.' आणि बाजूला कंसात, 'दुकानदाराला नीट मोठ्याने सांग, मागच्या वेळी लहान दिलं होतं.'